तेलाचा आकडा आणि प्रमाणविचार

मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘ऑइल लाइफ ४० टक्के’ असा मजकूर दिसतो, तेव्हा पाहणाऱ्याची सहज समजूत होते की गाडीने इंजिनातले तेल तपासले आणि निकाल कळवला. परंतु बहुतेक गाड्यांत अशी तपासणी झालेलीच नसते. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९८८च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ही व्यवस्था आणली आणि तिच्यामागे शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांचे संशोधन होते. या व्यवस्थेत संगणक इंजिनाची आवर्तने मोजतो, तेलाच्या तापमानानुसार प्रत्येक आवर्तनाला कमीअधिक भार देतो आणि तो भार एका ठरावीक बेरजेतून वजा करत जातो. तेल अतिशय तापले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि झीज रोखणारी त्यातली रसायने लवकर संपतात. उलट थंड इंजिनाने वारंवार थोडेच अंतर कापले, तर न जळलेले इंधन आणि पाणी तेलात साचत राहते. म्हणून तापमानाच्या दोन्ही टोकांना भार वाढवलेला असतो. तेल स्वतः कसे आहे, हा प्रश्न या आकडेमोडीत कुठेच विचारला जात नाही.

भारतीय तर्कपरंपरेत यथार्थ ज्ञानाच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात, आणि त्या दृष्टीने पाहिले तर डॅशबोर्डवरचा आकडा प्रत्यक्ष नसून अनुमान ठरतो. अनुमानाचा आधार असते ‘व्याप्ती’, म्हणजे हेतू (ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांचा कधीही न मोडणारा संबंध. इथे भारित आवर्तने हा हेतू आहे आणि तेलाची झीज हे साध्य. हा संबंध प्रयोगशाळेत खरोखर तपासला गेला होता, तेव्हा या व्यवस्थेला अंधश्रद्धा समजणे अन्यायाचे होईल. ठरावीक किलोमीटर झाले की तेल बदला, हा जुना नियमही अनुमानच होता आणि तो कितीतरी ढोबळ होता. मात्र नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, व्याप्तीबरोबरच ‘उपाधी’चाही शोध घेतात. उपाधी म्हणजे अशी लपलेली अट की जी असेल तरच संबंध टिकतो; जिथे अग्नी तिथे धूर हे विधान फसते, कारण धुरासाठी इंधन ओले असावे लागते. तेलाच्या आकड्यामागेही अशा अटी आहेत: तेल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे असावे, त्याची पातळी पुरेशी असावी, आणि हवेतली धूळ नेहमीपेक्षा फार जास्त नसावी. यांतली एकही अट मूळ आकडेमोडीत शिरत नाही.

व्याप्ती दुरुस्त करावी लागते, याचेही उदाहरण आहे. जनरल मोटर्सच्या २००७ ते २००९ या मॉडेलवर्षांतल्या काही ३.६ लिटर व्ही-६ इंजिनांमध्ये टायमिंग चेन, म्हणजे झडपांची उघडझाप इंजिनाच्या गतीशी जुळती ठेवणारी साखळी, अकाली झिजू लागली, तेव्हा कंपनीने संगणकातली आज्ञावली बदलून तेलबदलाची वेळ अलीकडे आणली. तेल तेच होते. कोणत्या झिजेचा हिशेब धरायचा, ते बदलले. या घटनेने अनुमानपद्धती खोटी ठरत नाही, पण तिचे प्रामाण्य कुठून येते हा प्रश्न मात्र तीव्र होतो. कुमारिलांचे अनुयायी असलेले भाट्ट मीमांसक ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात, म्हणजे बाधक पुरावा पुढे येईपर्यंत ते खरेच धरावे. न्यायमतानुसार प्रामाण्य बाहेरून, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली यावरून, कळते. तेलाच्या बाबतीत न्यायाची ही कसोटी अडते, कारण शून्य टक्क्याला तेल बदलले की जुने तेल गॅरेजमधल्या डब्यात जाते आणि ते आणखी किती चालले असते हे कळण्याचा मार्ग बंद होतो. इंजिन धडधाकट राहिले, तरी ते इशाऱ्यामुळे की इशारा नसतानाही राहिले असते, हे सांगता येत नाही. त्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे हाच खरा संवाद, म्हणजे दुसऱ्या प्रमाणाकडून मिळणारा दुजोरा. मेकॅनिक डिपस्टिक पुसून दोन बोटांत तेल चोळतो आणि ‘काळं पडलंय’ म्हणतो, ते प्रत्यक्ष असले तरी पुरेसे नाही, कारण डिझेल इंजिनात चांगले तेलही काजळी आपल्यात धरून ठेवण्याचे काम करत असल्यामुळे लवकरच काळे होते.

याहून गंभीर चूक आकडा चांगला असताना घडते. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एक कडक अट घालून: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत काही दिसत नाही, एवढ्यावरून खोली रिकामी ठरत नाही. तेलाची पातळी मोजणे हे ऑइल लाइफच्या गणिताचे काम नाही. इंजिन तेल जाळत असेल किंवा गॅस्केटमधून ते झिरपत असेल, तरी पडद्यावर साठ टक्के दिसत राहतात. त्या साठ टक्क्यांवरून ‘तेल ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणारा माणूस, जे पाहण्याची क्षमताच यंत्राला दिलेली नाही, त्याचा अभाव यंत्राच्या मौनावरून सिद्ध करतो. इंजिने निकामी करणारी चूक बहुधा हीच असते, आणि तिचा दोष आकड्याला देता येत नाही. डिपस्टिक काढून पाहणे म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखवणे नव्हे. आकडा ज्या अटीवर उभा आहे, ती अट पुरी होते की नाही हे तपासणे होय.

आणखी एक प्रमाण या व्यवस्थेत शिरलेले आहे, ते म्हणजे शब्द. आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे, वचन प्रमाण मानताना न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन तीन गोष्टी मागतात: विषयाचे साक्षात ज्ञान, प्राणिमात्रांविषयी दया, आणि जे जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. यंत्राकडे यांतली एकही नाही. असलीच तर ती ज्यांनी आकडेमोड बसवली त्यांच्याकडे असू शकते, आणि कमी देखभालीची गाडी हे विक्रीचे आकर्षण असताना त्यांच्या आप्तत्वाची तपासणी करणे योग्यच आहे. पण वचनाची ही साखळी उलट्या दिशेनेही जाते. तेल बदलल्यानंतर अनेक गाड्यांत माणसालाच आकडा रीसेट करावा लागतो. तेल न बदलता कोणी तो रीसेट केला, तर यंत्र शंभर टक्के दाखवते. तेल बदलूनही रीसेट करायचे राहिले, तर नव्या तेलाला ते जुने समजते. तेलाविषयीचे यंत्राचे सारे अनुमान अशा रीतीने ज्या वचनापासून सुरू होते, ते खरे की खोटे हे पडताळण्याचे कोणतेही साधन यंत्राजवळ नसते, आणि ते देणारा आप्त गॅरेजमध्ये बटण दाबणारा माणूस असतो.