युक्तिवादाची पारख

इंग्रजीच्या तासाला सातवी-आठवीतील मुलाला एखादा मतप्रदर्शनपर उतारा देतात आणि विचारतात : लेखकाचे म्हणणे काय? त्यासाठी त्याने कोणती कारणे दिली? पुरावा कोणता? हे तुला पटते का? प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांत नीतीचा एक मोठा धडा दडलेला आहे.

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरलेली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. तत्पूर्वी कित्येक वर्षे शहरात दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, विमानसेवेवाचून येथे उद्योग येणार नाहीत. दुसरा म्हणे, हजारो ऊस उत्पादकांच्या कारखान्याला धक्का लावून विकास कसला? बोरामणीच्या नियोजित विमानतळाचे काय झाले?

आता ही विधाने एकेक करून तपासा. ‘चिमणी उड्डाणाच्या मार्गात येते’ हे मोजमापाने ठरते. ‘विमान आले की उद्योग येतील’ हे भाकीत आहे. त्याला इतर शहरांच्या अनुभवाचा आधार हवा. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान उडू लागले. तेवढ्याने ते भाकीत खरे ठरत नाही आणि खोटेही ठरत नाही. ‘ऊस उत्पादकांचे नुकसान होईल’ हेही भाकीतच. त्याला गाळपाचे आकडे हवेत. आणि ‘विरोधक स्वार्थी आहेत’ हा तर युक्तिवादच नव्हे. ते माणसावर केलेले बोट आहे. कोणाचा हेतू वाईट असला म्हणून त्याचे कारण खोटे ठरत नाही.

मग हा धडा नीतीचा कसा? प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्यावाचून त्याचे खंडन करणे हा अन्याय आहे. आपल्या शास्त्रकारांनी आधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त घालून दिली. संत थॉमस अक्वायनस यांनीही ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाचा आरंभ विरोधी आक्षेपांनीच केला. परस्परांपासून इतक्या दूरच्या परंपरा एकाच नियमापाशी याव्यात, हे विचार करण्याजोगे आहे.

इंग्रजीच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्याचे म्हणणे पुष्कळदा न तपासताच खरे मानले जाते. मुलाच्या मनातही सफाईदार भाषा आणि सबळ कारण यांची गल्लत होते. सोलापुरी चादर घेणारा जाणता गिऱ्हाईक रंगावर न भुलता ती उलटून वीण पाहतो. भाषा हा रंग. कारण आणि पुरावा ही वीण.

म्हणून सुज्ञ पालकांनी हा अभ्यास केवळ गुणांसाठी आहे असे समजू नये. इंग्रजी येत नसले तरी चालेल. मुलाने उतारा वाचला की त्याला मायबोलीत एवढेच विचारावे : “समोरच्याचे सर्वांत बळकट कारण कोणते, ते आधी सांग. मग तुझे सांग.” ज्याला हे साधते, तो उद्या ग्रामसभेत, न्यायासनावर किंवा घरच्या वाटणीतही दुसऱ्याचे माप कमी भरणार नाही.