बाटलीवरचं हिरवं पान

पर्यावरणाची काळजी घेऊन केलेली वाइन असेल तर थोडे जास्त पैसे द्याल का, असं विचारलं की बरेच जण ‘हो’ म्हणतात. मगाली डेलमास आणि लॉरा ग्रँट या संशोधकांनी लोकांना काही न विचारता थेट किमतीच तपासल्या. १९९८ ते २००५ या काळातल्या कॅलिफोर्नियाच्या वाइन्स त्यांनी घेतल्या. सेंद्रिय किंवा तत्सम प्रमाणपत्र मिळवलेल्या वाइनला १३ टक्के जास्त किंमत मिळत होती. पण तीच गोष्ट लेबलवर छापली की किंमत २० टक्क्यांनी घसरत होती. प्रमाणपत्र असूनही बरेच उत्पादक ते बाटलीवर मिरवत नव्हते, याचं कारण इथे दिसतं.

वेलीची नीट निगा राखली की वाइन चांगली होते, तिला भाव येतो. पण निगा राखली आहे असं कुणी सांगितलं की गिऱ्हाइकाला शंका येते, चवीत काहीतरी कमी असणार. अमेरिकेत या शंकेला थोडा आधारही आहे. तिथे ‘सेंद्रिय वाइन’ म्हणायचं तर वरून सल्फाइट घालता येत नाही, आणि सल्फाइटशिवाय वाइन टिकवणं अवघड जातं. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ हा वेगळा वर्ग, त्यात मर्यादित सल्फाइट चालतं. दुकानात उभं राहून हा फरक कोण वाचणार?

या सगळ्या गोंधळात एक प्रश्न मागे पडतो. लेबलवरचं हिरवं पान नेमकं कशाची हमी देतं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सगळ्या टेस्ट पास झाल्या याचा अर्थ आम्हाला पक्का माहीत असतो: जे तपासायचं ठरवलं होतं तेवढंच बरोबर आहे. जे तपासलंच नाही त्याबद्दल हिरवी खूण गप्प असते. वाइनचंही तसंच आहे. सेंद्रिय म्हणजे औषध अजिबात नाही, असं नसतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना चांगलं ठाऊक आहे. युरोपातल्या सेंद्रिय बागांतही तांबं चालतं, हेक्टरी सात वर्षांत २८ किलोपर्यंत. आणि द्राक्षं खुडणाऱ्या बाईला किती मजुरी मिळाली, हा प्रश्न तर सेंद्रियच्या परीक्षेत नसतोच.

दक्षिण आफ्रिकेत ही फट स्पष्ट दिसते. केपच्या मळ्यांवर शतकानुशतकं ‘डॉप’ पद्धत होती. मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात द्यायचा, तीही रोज. कायद्याने बंदी आल्यावरही ती १९९०च्या दशकापर्यंत कुठे कुठे चालूच राहिली. गर्भात असताना दारूमुळे बाळाला होणाऱ्या विकारांचं जगात नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आजही त्याच पट्ट्यात आहे. २०१० सालच्या हंगामापासून तिथल्या बाटल्यांवर शाश्वततेचं सील येऊ लागलं. २०११ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल आला. त्यात तिथल्या काही फळ आणि वाइन मळ्यांवर मजुरांना संडास नाही, प्यायला पाणी नाही, फवारणीपासून संरक्षण नाही, असं नोंदलेलं होतं. मजुरांच्या हक्कांसाठी तिथे वेगळी संस्था आणि वेगळं सील आहे. म्हणजे जमिनीचं सील एक, माणसांचं दुसरं.

मग महागडी बाटली घ्यावी का? शॅम्पेनपेक्षा प्रतिष्ठित काय असणार? २०२३च्या हंगामात फ्रान्सच्या त्या भागात पन्नासहून अधिक मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, अत्यंत घाणेरड्या जागेत कोंबलेले सापडले. २०२५ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात तिघांना मानवी तस्करीबद्दल दोषी ठरवलं.

आपल्याकडे यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: दारूच ती, तिच्यात कसली आली नैतिकता? सोडून द्या, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. मी प्यालो नाही म्हणून खुडणाऱ्या हातांची मजुरी वाढत नाही. शिवाय ते हात फक्त वाइनसाठी राबत नाहीत. नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्यासाठीच पिकतात. पेठ, सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांत छाटणीला, डिपिंगला, खुडणीला येतात. बरंचसं काम उक्तं, एकरी ठरलेल्या भावाने. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा वाद झाला! एक बाजू संस्कृतीबद्दल बोलत होती, दुसरी शेतकऱ्याच्या फायद्याबद्दल. शेतमजुराबद्दल कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही.

म्हणून ‘जास्त पैसे द्याल का?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्यात मजुराची प्रतिष्ठा गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर आणि त्या दिवशीच्या मूडवर सोडलेली असते. ज्याला परवडतं तो पन्नास रुपये जास्त देऊन निर्धास्त होतो. ज्याला परवडत नाही त्याच्या बाटलीतल्या मजुराने मात्र कमी मजुरीत राबायचं. किमान मजुरी, प्यायचं पाणी, फवारताना मास्क, या गोष्टी प्रीमियम फीचर असूच शकत नाहीत. त्या प्रत्येक बाटलीत असायला हव्यात, आणि ते पाहणं कायद्याचं, सरकारी तपासनिसाचं आणि मजूर संघटनेचं काम आहे.

मग गिऱ्हाइकाने काहीच करायचं नाही? करायचं, पण खिशापेक्षा तोंड जास्त वापरायचं. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मळ्यांवरचा ‘बिटर ग्रेप्स’ हा माहितीपट डेन्मार्कमध्ये दाखवला गेला, आणि तिथल्या सुपरमार्केटांनी काही बाटल्या शेल्फवरून काढल्या. दुकानदाराला लाज वाटली की ती पुरवठादारापर्यंत पोहोचते. एकट्या माणसाने गुपचूप निवडलेली चांगली बाटली तेवढी लांब जात नाही.

वायनरीत टेस्टिंगला गेलात की गाइड माती, ओकची पिंपं, सौर पॅनल, पाण्याचा पुनर्वापर सगळं सांगतो. तेही महत्त्वाचंच. ते संपलं की एक प्रश्न विचारून बघा: खुडणीला माणसं कुठून येतात, आणि त्यांना दिवसाचे किती मिळतात? गाइडला उत्तर माहीत नसेलही. पण दहा ग्रुपनी विचारलं, तर अकराव्या वेळी त्याला ते कुणालातरी विचारून यावं लागेल.