माणशी चार मणी

चि. बाळास,

गोव्याच्या मित्राने चोरिसांची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजांची, माळ दिली, ती तू पुण्याच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवलीस आणि आता तिचं काय करायचं ते विचारतोस. फोनवर कृती सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण नुसत्या कृतीने चोरीस कळत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे चोरिसाला मांस समजून रांधायला जाऊ नकोस. तो मसाला आहे. मटण आणताना आपण माणशी किती लागेल ते वजनाने ठरवतो, तो हिशेब इथे लावलास तर ताटात आंबट, खारट, जळजळीत असं काहीतरी येईल आणि तुझी कायमची नावड होईल. रोझरी म्हणतात ती जपमाळेसारखी बारीक मण्यांची माळ तुझ्याकडे असेल, तर माणशी चार मणी पुरतात. फार तर पाच. पोट भरायचं ते कांद्याने, बटाट्याने, पावाने. चोरीस त्या सगळ्याला चव देतं.

असं का, ते चोरीस करताना पाहिलं की लगेच ध्यानात येतं. मडगावात नोकरीला असताना शेजारच्या घरी दर उन्हाळ्यात हे काम चाले आणि मी पाहायला जाऊन बसत असे. डुकराच्या मांसाचे चरबीसकट बारीक तुकडे करायचे, भरपूर मीठ लावून त्यावर वजन ठेवायचं. पाणी सुटतं ते ओतून द्यायचं. मग उन्हं दाखवायची. इकडे सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद असं सगळं विनेगरात वाटायचं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, कारण सगळी धडपड पाणी घालवण्यासाठीच असते. विनेगर माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं. रेंदेर माडावर चढून सूर उतरवतो, ती आंबत ठेवली की तिचं विनेगर होतं. बाजारातल्या सिंथेटिक विनेगरचा नुसता नाकात जाणारा आंबटपणा त्यात नसतो, थोडी गोडूस झाक असते. काही घरांत वाटणात फेणीही पडते. या मसाल्यात मांस काही दिवस मुरतं, मग स्वच्छ केलेल्या आतड्यात ठासून भरायचं, दोऱ्याने गाठी मारत मणी पाडायचे, आणि माळा पुन्हा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगायच्या.

म्हणजे बघ, मीठ, आंबट, मिरची, ऊन, धूर, सगळ्यांचं काम एकच, मांस टिकवणं. मिठाने आणि उन्हाने ओल जाते, आंबटात कुजवणारे जंतू वाढत नाहीत. आणि ओल गेली की जे उरतं त्यात चव दाटून येते. म्हणून चार मणी पुरतात.

हे सगळं पावसाळ्यासाठी असे. गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळी बेगमीची, धांदल असते. मीठ, सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, कांद्याच्या वेण्या, आणि ख्रिस्ती घरांत चोरिसांच्या माळा. रायगडकडे आगोट भरतात, तसंच हे. एकदा पाऊस लागला की दर्या खवळतो, होड्या बंद. आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या ओल्या दिवसांत घरात ताजं काही नसताना माळेतले मूठभर मणी तोडून अख्ख्या घराचं जेवण निघायचं. मोठी माणसं माळेवर नजर ठेवून असत, आणि ते बरोबरच होतं. तीच माळ सप्टेंबरपर्यंत पुरवायची असे.

हा पदार्थ आला पोर्तुगीजांबरोबर. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांच्या घरच्या शोरिसू नावाच्या सॉसेजात वाइन, लसूण आणि लाल मिरचीची पूड असते. इथे वाइन कुठून आणणार? तिची जागा माडाच्या विनेगरने घेतली, आणि मसाले गोव्याचे पडले. मिरची मात्र दोन्हीकडे परकीच. ती अमेरिकेतून आली, आणि ती येण्याआधी स्पेन-पोर्तुगालची सॉसेजंही लाल नव्हती. आज स्पॅनिश चोरिझोची ओळखच त्या लाल रंगाने होते, आणि तो रंग देणारी मिरची एस्त्रेमादुराच्या ला व्हेरा भागात ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात.

हे सांगण्यामागे व्यवहाराचं कारणही आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत तुला चोरिझो नावाची पाकिटं दिसतील, त्यांत आणि तुझ्या माळेत गल्लत करू नकोस. स्पॅनिश चोरिझो बहुधा मुरवून पुरता सुकवलेला असतो, पातळ चकत्या कापून तसाच खातात. मेक्सिकोचा चोरिझो ताजा, कच्चा, शिजवल्याशिवाय खायचाच नाही. त्यातही विनेगर आणि मिरची, म्हणजे आपल्या चोरिसाचा तो जवळचा भाऊ. तिथल्या तोलुका शहरात तर हिरव्या मिरच्या आणि पाल्याचा हिरवा चोरिझोही होतो. गोव्याचं चोरीस सुकलेलं दिसलं तरी कच्चं असतं. चकती कापून तोंडात टाकायचा मोह झाला तरी टाकू नकोस. डुकराच्या मांसातल्या जंतांचा धोका खरा आहे, ते आतपर्यंत नीट शिजलंच पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर 71 अंश सेल्सियस गाठ. नसेल तर मी सांगते तितका वेळ दे.

आता चोरीस-पाव. तीन मोठे कांदे उभे चीर, दोन बटाटे सोलून बारीक फोडी कर. मण्यांचे दोरे काप. एकेक दोरा मोजून काढ, कढईत राहिला तर घशात अडकतो. वरची आतड्याची साल खाता येते, पण वाळून चिवट झालेली असते, म्हणून चिरून आतलं मांस मोकळं कर. कढई स्टीलची किंवा मातीची घे. विनेगरामुळे साध्या अॅल्युमिनियमची चव अन्नात उतरते.

तेल घालायचं नाही. मीठ घालायचं नाही. हळद, तिखट, गरम मसाला, काहीही नाही. कढईत मांस आणि अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आच. इथे घाई केलीस तर मसाला करपेल आणि कडवट होईल. दहा-बारा मिनिटांत पाणी आटत येतं आणि चरबी सुटू लागते. झाकण काढून बघ, कडेने लालभडक तेल दिसेल. मिरचीचा रंग आणि तिचा तिखटपणा, दोन्ही पाण्यापेक्षा चरबीत चांगले विरघळतात, म्हणून सगळी चव त्या लाल तेलात येऊन बसते. ते ओतून टाकू नकोस, त्यातच कांदा टाक. कांदा थोडा मऊ झाला की बटाटे, पुन्हा अर्धी वाटी पाणी आणि झाकण. बटाटा बोटाने दाबला की मोडेपर्यंत, म्हणजे आणखी वीस मिनिटं तरी. बटाटा खारटपणा ओढून घेतो, म्हणून चव सगळ्यात शेवटी बघ. फार आंबट वाटलं तर चिमूटभर साखर, फिकं वाटलं तर चमचाभर विनेगर. रस ठेवायचा की कोरडं करायचं ते तू ठरव. मला पावाला लागेल इतका ओलसर आवडतो.

पावाबद्दल मी जरा हट्टी आहे. गोव्यात सकाळी आणि संध्याकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्या टोपलीतली कोंड्याची पोई या भाजीसाठी सगळ्यात चांगली. ती आतून पोकळ असते, चिरून भरता येते, आणि तिचा कोंडा ते लाल तेल शोषून घेतो. कडक कवचाचे उंडेही चालतात. पुण्यात पोई मिळणं कठीण, तेव्हा बेकरीतून त्याच दिवशीचा लादीपाव आण आणि तव्यावर तूप-लोणी न लावता नुसता शेक. गोड, लुसलुशीत बर्गरचे पाव आणू नकोस, त्यांच्या गोडीने सगळी चव मारली जाते.

पुलावाची रीत हीच, फक्त कांदा मऊ झाल्यावर धुऊन निथळलेले तांदूळ त्या तेलात परतायचे आणि दुप्पट कढत पाणी घालून शिजवायचे. राजमा घालून करतात ती गोव्याची फेजोआदा मोठ्या पंगतीची. राजमा रात्रभर भिजवून कुकरमध्ये पुरता शिजवून घे, मगच चोरिसात घाल. आंबटात कडधान्य शिजत नाही, कितीही शिट्ट्या काढल्यास तरी.

तू विचारलं आहेस की खोलीतला एक मित्र डुकराचं मांस खात नाही, त्याला काय वाटेल. आधी त्यालाच विचार. कढई वेगळी ठेव, खिडक्या उघड, आणि त्याला नको असेल तर चव घेण्याचा आग्रह कधीही करू नकोस. या पदार्थाबाबत तर नाहीच. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ज्यू आणि मुसलमानांना बळजबरीने ख्रिस्ती केलं गेलं, तेव्हा डुकराचं मांस न खाणाऱ्यावर इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, संशय यायचा. पोर्तुगालच्या मिरांदेला गावाकडे आल्येइरा नावाचं सॉसेज होतं. ते कोंबडी आणि पाव भरून करण्याची पद्धत अशा लपून राहिलेल्या ज्यूंनी पाडली, असं तिथे सांगतात. खिडकीत सॉसेज टांगलेलं दिसावं आणि आपला धर्मही राहावा, म्हणून. गोव्यातही 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशन होतं. 1736 च्या हुकूमनाम्यात तर ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये इथपर्यंत लिहिलेलं आहे. अ. का. प्रियोळकरांनी तो हुकूमनामा आपल्या ग्रंथात दिला आहे, तू मोठा झाल्यावर वाच म्हणून आजवर थांबले होते, आता वाच. दुसऱ्याच्या चुलीत हात घालणारी सत्ता कशी असते ते त्यात दिसतं. त्या काळातून गेलेल्या लोकांनी पुढे हेच चोरीस इतकं आपलंसं केलं की आज फेस्ताला, लग्नाला, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत ते असतंच. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. शेजारणीने मला कधी आग्रह केला नाही, मी स्वतः विचारलं तेव्हा मात्र तिने आधी ताट वाढलं आणि मग कृती सांगितली.

रोज खाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये खारवलेलं, धुरावलेलं, टिकवलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत धरलं आहे, आणि चोरीस त्यातच येतं. शिवाय मीठ. महिन्यातून एखाद्या रविवारी, चार मित्र जमवून, असं ठेव. जुन्या घरांचीही रीत काटकसरीचीच होती.

घरी चोरीस भरायचं म्हणतोस, ते मात्र एवढ्यात नको. मिठाचं प्रमाण आणि वाळवण यात चूक झाली तर बाहेरून चांगलं दिसणारं मांस आतून विषारी होऊ शकतं. आधी एखाद्या जाणत्या घरी दोन उन्हाळे हाताखाली काम कर. तोवर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा. तिथे बायका माळा घेऊन बसतात. मणी दाबून बघ, घट्ट लागला पाहिजे, बोटाला चिकट लागता कामा नये. वास आंबट-लसणीचा हवा, कुबट नको. आणि भाव करताना फार घासाघीस करू नकोस, त्या माळेमागचं काम मी तुला वर सांगितलंच आहे.

आता तुझ्या खिळ्यावरच्या माळेचं. गोव्यातल्या चुलीवर ती टिकते, कारण खाली रोज धूर असतो. तुझ्या खोलीत धूर नाही, आणि पाऊस तोंडावर आला आहे. आजच उतरव, कागदात गुंडाळून डब्यात घाल आणि फ्रिजमध्ये ठेव. महिन्याभरात संपणार नसेल तर फ्रीजरमध्ये. रविवारी भाजी उरलीच तर सोमवारी सकाळी ती चांगली वाफ येईपर्यंत गरम कर आणि त्यात दोन अंडी फोड. मीठ तेव्हाही घालू नकोस.

तुझी,
आत्या