लांडग्याचा रेशमी बंध
(वाचावयाचा भाग : मार्क ५:१-२०)



आइसलंड बेटातील स्नोरी स्टुर्लुसोन नामक विद्वानाने इ. स. १२२० च्या सुमारास आपल्या पूर्वजांच्या देवकथा लिहून ठेविल्या. त्या बेटाने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा सुमारे दोनशे वर्षे लोटली होती. त्यांतील एक कथा आज आम्ही आपणांपुढे ठेवितो. ती कल्पित खरी. तथापि तीत दिसणारे मनुष्याचे मन खोटे नाही.

फेन्रिर नावाचा एक लांडगा होता. त्याच्या कुळापासून मोठे अरिष्ट येणार असे भाकीत असताही देवांनी त्यास आपल्याच घरी वाढविले. पुढे तो एवढा माजला की, त्यास खाऊ घालण्याचे धैर्य टीर ह्या एकट्याच देवास राहिले. तेव्हा देवांनी मजबूत बेडी केली. ती त्याने तोडिली. तिच्या दुप्पट बळकट दुसरी केली, तीही तुटली. शेवटी त्यांनी बुटक्या कारागिरांकडून ग्लाइप्निर नावाचा बंध करविला. मांजरीच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास व पक्ष्याची थुंकी अशा सहा वस्तूंचा तो बनविला होता, आणि रेशमी फितीसारखा मऊ होता. लांडग्यास कपटाचा संशय आला. बंध न तुटल्यास तुला सोडून देऊ, असे देव म्हणाले. तेव्हा हमी म्हणून कोणी तरी आपला हात माझ्या जबड्यात ठेवावा, असे त्याने मागितले. टीर पुढे झाला. बंध तुटेना. सर्व देव हसले. टीर मात्र हसला नाही, कारण त्याचा हात गेला होता.

वाचकहो, पाप लहान असते तेव्हा आपणही त्यास घरात वाढवितो : दारूचा पहिला पेला, भावाविषयीची अढी, हिशेबातील लहानशी लबाडी. ते माजले म्हणजे शपथांच्या बेड्या घालितो, त्या तुटतात. मग काही युक्ती करून वरवर शांती आणितो व हसतो. परंतु त्या शांतीचे मोल कोणी दिले? मार सोसून गप्प राहिलेल्या पत्नीने, किंवा आपला वाटा सोडून दिलेल्या धाकट्या भावाने!

आणि एवढे करूनही लांडगा जिवंतच राहिला. युगाच्या अंती तो सुटेल व मुख्य देव ओदिन ह्यास गिळील, असे तीच कथा सांगते.

आता गरसेकरांच्या प्रांतातील मनुष्य पाहा. त्यासही लोकांनी बेड्या व साखळ्यांनी वारंवार बांधिले होते, व त्याने त्या तोडिल्या होत्या. प्रभु येशूने त्यास आणखी एक बेडी घातली नाही. कपटही केले नाही. त्याने दुष्ट शक्तीसच बाहेर घालविले व त्या मनुष्यास शुद्धीवर आणून घरी पाठविले. मनुष्याच्या सुटकेचे मोल त्याने दुसऱ्या कोणाच्या हाताने दिले नाही. वधस्तंभावर आपलेच हात पुढे केले.

ह्यास्तव आपल्या घरात कोणता लांडगा बांधून ठेविला आहे, आणि त्याच्या जबड्यात कोणाचा हात गेला आहे, हे प्रत्येकाने ह्या आठवड्यात प्रभूपुढे बसून पाहावे. मग उठून प्रथम त्या माणसाची क्षमा मागावी.