साक्षरता : एकवचनी की बहुवचनी?

साक्षर कोण, या प्रश्नाला भारतीय जनगणनेने दिलेले उत्तर सुटसुटीत आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहितावाचता येते, ती साक्षर. या निकषाने २०११ साली देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के भरले. प्रशासनाला अशी रेषा ओढावीच लागते. मात्र तीच रेषा बुद्धी, विवेक आणि संस्कृती यांचीही सीमा मानली जाऊ लागली, की प्रश्न नैतिक होतो.

लिपी आत्मसात होताच माणूस अमूर्त विचार करू लागतो, ही धारणा स्क्रिब्नर आणि कोल यांनी लायबेरियातील वाई समाजात तपासून पाहिली. त्यांचा ग्रंथ १९८१ सालचा. या समाजात इंग्रजी शाळेत शिकली जाई, अरबी कुराणपठणासाठी, तर वाई लिपी घरीदारी एकमेकांकडून. तिचा उपयोग पत्रे आणि हिशेब यांसाठी. केवळ वाई लिपी अवगत असल्याने विचारशक्तीत सर्वसाधारण स्वरूपाचा पालट आढळला नाही. तर्काचे शाब्दिक स्पष्टीकरण देण्याची हातोटी शाळेशी निगडित होती. पत्रलेखनाने आणि पाठांतराने येणारी कौशल्ये पुन्हा निराळी. साक्षरता ही अशी व्यवहारागणिक बदलते. मोडी आणि बालबोध या दोन लिपींमध्ये कामाची वाटणी करणाऱ्या मराठी समाजाला हे नवे वाटू नये. मोडी शिक्षणक्रमातून गेली आणि मराठीच्या अनेक उच्चविद्याविभूषितांना आपल्याच पणजोबांचे खरेदीखत वाचता येईनासे झाले; जनगणनेच्या लेखी मात्र ते निर्विवाद साक्षर!

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याविषयी लिहिताना मराठी समीक्षेने 'निरक्षर' हे विशेषण कौतुकाने वापरले आहे. या कौतुकात एक अवमान दडलेला आहे. ओव्या, म्हणी, कीर्तन, शेतीचे ज्ञान यांतून घडलेली भाषिक जाण ही परिश्रमाने मिळवलेली विद्या असते. तिला 'उपजत प्रतिभा' म्हटले, की त्या विद्येची दखल घेण्याची जबाबदारी टळते.

परंतु येथेच दुसरा धोका संभवतो. मौखिकतेचा गौरव करणारे बहुधा स्वतः लिहितेवाचते असतात. अक्षर म्हणजे अविनाशी, ही व्युत्पत्तीदेखील त्यांनाच सुचते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अक्षरशून्य शेतकरी कागदपत्रांच्या व्यवहारात कसा नागवला जातो, ते दाखवले. सावकाराच्या वहीपुढे ओवी उपयोगी पडत नाही. निरक्षरतेला केवळ 'वेगळी ज्ञानपरंपरा' म्हणणे हा त्या शेतकऱ्यावर अन्यायच होय. तिला अज्ञान म्हणणे चूक आणि निरुपद्रवी म्हणणेही चूक. या दोन विधानांत विरोध नाही, कारण पहिले ज्ञानाविषयी आहे, दुसरे सत्तेविषयी.

'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, ती सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली म्हणून. बोलीतला उच्चार बालबोधीत कसा बसवावा, ओळ कोठे तोडावी, हे निर्णय लिहिणाऱ्या हातांनाच घ्यावे लागतात. समीक्षक ज्या संहितेचा अर्थ लावतो ती दोन साक्षरतांच्या भेटीतून सिद्ध झालेली आहे, आणि त्या भेटीचा अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही.