अंड्यातून झाडावर

इंडोनेशियाच्या कोमोडो बेटावर आपल्या घोरपडीचा त्याच नावाचा, म्हणजे कोमोडो, एक थोरला भाऊबंद राहतो. तीन मीटरपर्यंत लांब, सत्तर किलोच्या आसपास वजन. हरीण काय, रानडुक्कर काय, आख्खी म्हैसही तो आडवी करतो. आणि ब्राझीलमध्ये आखूड शेपटीचा एक ओपॉसम आहे, कांगारूच्या दूरच्या गोतावळ्यातला. हा मुठीत मावेल एवढा. घरात शिरून झुरळं-विंचू फस्त करतो, म्हणून लोकही त्याला हाकलत नाहीत.

तुलना करायची तरी कशी? गंमत अशी, की कोमोडोचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ते साधारण शंभर ग्रॅमचं असतं, म्हणजे या वाढलेल्या ओपॉसमएवढंच! पण त्याला आईचा आधार नाही. उलट मोठे कोमोडो पिल्लांनाच गिळतात. म्हणून जन्मताच ते तुरुतुरु झाडावर चढतं आणि पुढची काही वर्षं बहुतेक तिथेच काढतं. जड झालेल्या वडीलधाऱ्यांना झाडावर चढता येत नाही, हेच त्याचं नशीब.

ओपॉसमचं पिल्लू दोन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर जन्मतं. डोळे मिटलेले, मागचे पाय नीट फुटलेले नाहीत, वजन तांदळाच्या काही दाण्यांइतकं. या जातीच्या मादीला पोटावरची पिशवीही नसते. ते आईच्या स्तनाग्राला तोंडानं घट्ट धरतं आणि आई किडे शोधत हिंडू लागली, की खाली लोंबकळत तिच्याबरोबर फिरतं.