निर्जीवाची तस्वीर

दादीने हयातभर एकच फोटो काढू दिला, तो मतदार ओळखपत्राचा. सरकारी मजबुरी म्हणून. आणि तेव्हाच बजावले होते, ‘मेरे बाद दीवार पे मत टांगना.’

ती गेल्यावर तिचे पितळी पानदान, चष्मा आणि तसबीह तेवढी उरली. माझी नोकरी अमरावतीत, माहेर अकोल्याचे. सुट्टीत गेले तेव्हा या तीन वस्तू रुमालात बांधून ओळखीच्या एका चाचांच्या स्टुडिओत नेल्या. त्यांच्याकडे जुना मोठा लाकडी कॅमेरा अजून चालू स्थितीत आहे. लोहाराच्या भात्यासारखा पुढेमागे होणारा भाता, मागे घासलेली काच, डोक्यावर काळे कापड. काचेवर पानदान उलटे लटकलेले दिसले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा प्रकाश कसा वागतो, हे इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात तपासून पाहिले होते. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचे नाव असते तर बरे, असे नेहमी वाटते.

या कॅमेऱ्यात एका वेळी एकच शीट, 4 बाय 5 इंचांची. छिद्र बारीक ठेवले की पुढची तसबीह आणि मागचे पानदान दोन्ही रेखीव येतात, पण प्रकाश कितीतरी सेकंद घ्यावा लागतो. माणूस तेवढा वेळ हलल्याशिवाय राहत नाही; वस्तू राहते. म्हणून तर दागेरने 1837 मध्ये मूर्तींचे साचे मांडून फोटो घेतला आणि अमेरिकेच्या एडवर्ड वेस्टनने 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. मिरचीच ती, पण पाहताना माणसाची वळलेली पाठ आठवते.

इथेच माझी अडचण सुरू होते. चित्रांवर पोट भरणाऱ्या एकाला इब्न अब्बास (रजि.) यांनी झाडांची आणि ज्यात रूह नाही अशा वस्तूंची मुभा दिली, ही रिवायत बुखारीत आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई तर म्हणत की फोटो म्हणजे घडवणे नव्हे, सावली धरून ठेवणे. आपल्याकडच्या अनेक उलमांनी मात्र गरजेपुरतीच परवानगी दिली. पानदानाला कोणाचीच हरकत नाही. पण मला पानदान हवे होते का? मला दादी हवी होती. तिचा शब्द पाळला आणि मर्जी मोडली, असे तर झाले नाही?

मग वाटते, तसे असेल तर पानदान घरात ठेवणेही चूकच. ते कोणी म्हणत नाही. फरक असा की वस्तू वापरली जाते, घासली जाते, नातवंडे तिच्यात बटणे ठेवतात. फोटो मात्र आपल्याला समोर उभे करून बघायला लावतो. दादीला भीती होती ती याच बघण्याची, असे मला आता वाटते. नीयत माझी साफ होती, एवढे सांगून सुटका होत नाही.

प्रिंट घेऊन घरी आले. भिंतीला लावणार नव्हतेच. अब्बांच्या हातात दिली. चष्मा वर करून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘ढक्कन खुला है. अम्मा ने कभी खुला छोडा था क्या?’

प्रकाश आत पडावा म्हणून ते झाकण मीच उघडून ठेवले होते.